वैरागचा मोबाइल भर समुद्रात: बोटीवरून घरी बोलण्याचा दीडशे वर्षांचा हिशेब

वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. येथून अरबी समुद्र जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर आहे. गावाच्या आठवणीत पाऊस, ज्वारी आणि दुष्काळ आहेत, भरती-ओहोटी नाही. तरीही अलीकडे वैराग, बार्शी, माढा अशा गावांतून सिंगापूरच्या किंवा दुबईच्या सहलीला जाणारी कुटुंबे दिसतात आणि त्या सहलीत दोन-तीन रात्रींची क्रूझ असते. बोट बंदर सोडते, किनाऱ्यावरचे दिवे मागे पडतात, मोबाइलवरची सिग्नलची रेघ एकेक करून उतरत जाते. सगळे संपले असे वाटत असतानाच ती पुन्हा भरते. पडद्यावर एखाद्या अनोळखी नेटवर्कचे नाव उमटते, आणि गावाकडच्या आजीला भर समुद्रातून कॉल लागतो.

आनंद खरा असतो. बिल घरी परतल्यावर येते.

ते बिल मोठे का असते, हे समजून घेण्यासाठी आधी तो सिग्नल कोठून आला ते पाहिले पाहिजे. खुल्या समुद्रात टॉवर नसतो. टॉवर बोटीवरच असतो. बोटीच्या आत छोटी मोबाइल केंद्रे बसवलेली असतात. प्रवाशाचा फोन त्या केंद्राशी बोलतो, केंद्र बोटीच्या माथ्यावरच्या डिशशी, डिश उपग्रहाशी, उपग्रह जमिनीवरच्या भूकेंद्राशी आणि भूकेंद्र गावच्या आजीच्या फोनशी. बोट एखाद्या देशाच्या सागरी हद्दीत, म्हणजे साधारणतः किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत आली की बोटीवरची ही सेवा सहसा बंद ठेवली जाते. बाहेर पडली की पुन्हा सुरू. त्यामुळे सिंगापूरसाठी घेतलेले रोमिंग पॅक सिंगापूरच्या टॉवरला लागू पडते, बोटीवरच्या टॉवरला बहुधा नाही. बोटीवरचे नेटवर्क हे कोणत्याच देशाचे नसलेले, स्वतंत्र दराचे नेटवर्क असते. खिशातला फोन मात्र हा भेद जाणत नाही. तो आपणहून त्या नेटवर्कला चिकटतो आणि मागे चाललेली छायाचित्रांची देवाणघेवाणही हिशेबात धरली जाते. जाणकार प्रवासी बोट सुटताच फोन विमान मोडवर टाकतात, ते याचसाठी.

भारताने आपल्या हद्दीतील विमाने आणि बोटी यांच्यासाठी असे नियम २०१८च्या डिसेंबरात केले. म्हणजे प्रश्न नवा वाटतो. प्रत्यक्षात तो फार जुना आहे: बोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावरच्या माणसाशी बोलता यावे का, कोणाला यावे, आणि त्याचे पैसे कोणी मोजावेत? महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाने केवळ बिले वाढवलेली नाहीत, माणसेही नेली आहेत. हा धागा त्या इतिहासाचा.

सुरुवात १८७० सालापासून करावी लागते. त्या वर्षी मुंबई बंदरात 'ग्रेट ईस्टर्न' नावाची महाकाय आगबोट आली होती. लांबी सुमारे २११ मीटर. त्या काळी जगात तिच्याएवढी बोट नव्हती. तिच्या पोटात हजारो किलोमीटर तारेची केबल गुंडाळून ठेवलेली होती. उष्ण कटिबंधातल्या उन्हाने केबल तापू नये म्हणून तिचे काळे अंग पांढरे रंगवून घेतले होते. फेब्रुवारीत ती मुंबईहून एडनच्या दिशेने निघाली, आणि जाता जाता मागे समुद्रतळावर केबल सोडत गेली. याच वर्षीच्या जूनपर्यंत लंडन ते मुंबई असा समुद्राखालचा तारमार्ग पूर्ण झाला.

या मोहिमेतील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. केबल टाकत असताना तिचे एक टोक मुंबईच्या किनाऱ्यावर होते आणि दुसरे बोटीवर. केबल शाबूत आहे की तुटली, हे तपासण्यासाठी दोन्ही टोकांतून सतत विजेचे संकेत जात-येत होते. म्हणजे बोट किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर गेली तरी ती मुंबईशी बोलत होती. अरबी समुद्रात चालत्या बोटीवरून मुंबईशी झालेला हा बहुधा पहिला दूरसंवाद. पतंगाने दोरी धरून ठेवावी तसा. दोरी सुटली की संवाद संपला. इतर बोटींच्या मागे अशी दोरी नव्हती. त्यांच्यासाठी एडन, सुएझ ही बंदरे तेवढी बोलकी झाली. दोन बंदरांच्या मधला समुद्र पूर्वीसारखाच मुका राहिला.

तो मुकेपणा कसा असे? ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. मधले जवळजवळ दोन महिने अठरा वर्षांची ही मुलगी कोठे आहे, कशी आहे, हे नवऱ्याला कळण्याचा मार्ग एकच होता: वाटेतल्या बंदरात टाकलेले पत्र. ते पत्र उलट दिशेच्या दुसऱ्या बोटीने यायचे, म्हणजे हाती पडेपर्यंत त्यातली खबर शिळी झालेली असे. आणि नवरा कोण, तर गोपाळराव जोशी, टपाल खात्यातले कारकून. ज्या खात्यात माणूस दिवसभर इतरांची पत्रे हाताळतो, तेथेच त्याने आपल्या पत्राची वाट पाहत बसावे, हा योग इतिहासाने जुळवून आणला होता.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८८८मध्ये, कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून अधिक माणसे होती. एकही परतला नाही. दिव्यांपुरती वीज बोटीवर आली होती, निरोप पाठवण्यापुरती अजून आली नव्हती.

ती आली मार्कोनीच्या बिनतारी यंत्रणेबरोबर. १८९७मध्ये त्याने इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टलच्या खाडीवरून पाण्यापलीकडे संदेश पाठवला आणि पुढच्या काही वर्षांत अटलांटिकवरच्या मोठ्या प्रवासी बोटींवर वायरलेसच्या खोल्या दिसू लागल्या. त्याच्याही आधी कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरींचे प्रयोग करून दाखवले होते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. फक्त त्यांनी त्याचा धंदा केला नाही.

वायरलेसची ताकद जगाला कळली ती जुलै १९१०मध्ये, आणि हा महिना मराठी वाचकाच्या चांगला ओळखीचा आहे. ८ जुलैला मार्सेय बंदरात 'मोरिया' बोटीतून विनायक दामोदर सावरकरांनी उडी घेतली. त्यांना पकडून पुन्हा बोटीवर नेले गेले, आणि ते प्रकरण पुढे हेगच्या लवाद न्यायालयात गेले. बरोबर दोन आठवड्यांनी, २२ जुलैला, अटलांटिकवरच्या 'माँट्रोज' बोटीच्या कप्तानाने आपल्या प्रवाशांत लंडनचा फरारी खुनी डॉ. क्रिपेन असल्याचा संशय वायरलेसने कळवला. पोलीस अधिकारी अधिक वेगवान बोटीने पुढे गेला आणि ३१ जुलैला क्रिपेन कॅनडाच्या किनाऱ्याजवळ पकडला गेला. भर समुद्रात माणूस जगापासून तुटलेला असतो, हा शेकडो वर्षांचा समज त्या नऊ दिवसांत मोडला. क्रिपेनला मात्र बोटीवर असताना याचा पत्ताही नव्हता. निरोप कप्तानाचा होता, यंत्र कंपनीचे होते. प्रवाशाला त्यातले काहीच ऐकू येत नव्हते.

प्रवाशालाही निरोप पाठवता येई. पैसे मोजावे लागत. 'टायटॅनिक'वरचा दर प्रसिद्ध आहे: पहिल्या दहा शब्दांना १२ शिलिंग ६ पेन्स आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला ९ पेन्स. त्या काळी रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा होता. या भावाने हिशेब केला तर पहिले दहा शब्द ९ रुपये ६ आणे आणि पुढचा प्रत्येक शब्द ९ आणे. 'सुखरूप आहे, काळजी नसावी' हे लिहून पाठवणे चैनीत मोडत होते. त्यातही गंमत अशी की हे ऑपरेटर बोटीच्या कंपनीचे नव्हते, मार्कोनी कंपनीचे होते, आणि श्रीमंत प्रवाशांच्या खासगी निरोपांतून येणारे पैसे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. १४ एप्रिल १९१२च्या रात्री 'टायटॅनिक'चा ऑपरेटर साचलेले खासगी निरोप किनाऱ्याकडे पाठवण्यात गुंतला होता. जवळच्या 'कॅलिफोर्नियन' बोटीने बर्फाची सूचना देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने तिला गप्प राहायला सांगितले. 'कॅलिफोर्नियन'चा ऑपरेटर यंत्र बंद करून झोपी गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

या दुर्घटनेनंतर सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रवासी बोटींवर वायरलेस हवाच, ही कल्पना त्यात रुजली. पहिला करार १९१४चा, पण महायुद्धाने तो अमलात येऊ दिला नाही. १९२९मध्ये तो नव्याने झाला. त्याची सक्ती आंतरराष्ट्रीय सफरींना होती. प्रवाशांसह एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी बोट त्यात येई. मुंबईहून हर्णै, जयगड, रत्नागिरी किंवा रेवसला जाणारी बोट त्यात येत नसे. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचीच किंमत मोजली गेली.

तत्पूर्वी १९१७ सालची एक घटना. डॉ. आंबेडकर लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून भारतात परत येत होते. महायुद्ध ऐन भरात होते. जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत होत्या आणि वायरलेसमुळे जागा उघड होऊ नये म्हणून बोटी मौन पाळत. आंबेडकरांनी आपले सामान, त्यात पुस्तके आणि टिपणे, वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट पाणबुडीने बुडवली. मुंबईत बातमी आली ती बोट बुडाल्याची; आत माणूस होता की सामान, हे बातमीला ठाऊक नव्हते. घरच्यांवर काय प्रसंग गुदरला, ते धनंजय कीर यांच्या चरित्रात आले आहे. लंडनला तार करून विचारणा झाली, तेव्हा कोठे कळले की गेली ती पुस्तके. २१ ऑगस्टला आंबेडकर मुंबईत उतरले. यंत्र अस्तित्वात असूनही किनारा अंधारात राहू शकतो, हे रमाबाईंच्या त्या दिवसांइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

आता पुन्हा वैरागकडे वळू. १८९७मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि बार्शी गाव कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या मोठ्या लोहमार्गाशी जोडले गेले. वैरागच्या माणसाला विलायतेची बोट गाठायची असेल तर त्याची वाट अशी: गाडीने बार्शी, तेथून छोट्या आगगाडीने कुर्डुवाडी, मग मोठ्या गाडीने दौंड, पुणे, खडकी, मुंबई. १९२७नंतर या वाटेवरच्या प्रवाशाला खिडकीतून दिसणाऱ्या दोन गावांना वेगळेच महत्त्व आले होते. दौंड आणि खडकी.

ब्रिटिश साम्राज्याने आपल्या वसाहती वायरलेसने जोडण्याची योजना आखली होती. लघुलहरींचा झोत एकाच दिशेला फेकायचा, म्हणजे कमी विजेत लांबचा पल्ला गाठता येतो, हे मार्कोनी कंपनीचे नवे तंत्र होते. भारताच्या बाजूने प्रक्षेपण केंद्र खडकीजवळ आणि ग्रहण केंद्र दौंडला उभारले गेले. दोन्ही एकाच ठिकाणी का नाहीत? खडकीचे प्रक्षेपक इतके शक्तिशाली होते की शेजारीच ग्राहक यंत्र ठेवले असते तर त्याला आपल्याच आवाजापुढे इंग्लंडचा क्षीण स्वर ऐकू आला नसता. म्हणून बोलणारे तोंड खडकीला आणि ऐकणारा कान दौंडला. इंग्लंडमध्येही अशीच विभागणी होती. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी राजे पाचवे जॉर्ज यांच्याशी शुभेच्छा संदेशांची देवाणघेवाण करून या सेवेचे उद्घाटन केले. (मुंबईच्या पहिल्या मोठ्या रेडिओ केंद्राचे उद्घाटनही त्याच दिवशीचे. आयर्विन यांच्यासाठी तो दिवस बराच बोलका ठरला असावा.) १९३३मध्ये भारत-इंग्लंड रेडिओ टेलिफोनही सुरू झाला.

भीमाकाठच्या माळरानावर उभ्या असलेल्या तारांना सात हजार किलोमीटरवरचे इंग्लंड ऐकू येऊ लागले, ते १९२७च्या जुलैत. त्यानंतर १११ दिवसांनी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, कोकण किनाऱ्यावर झालेल्या वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी बुडाल्या.

दोन्ही घटना एकाच वर्षीच्या, एकाच प्रांतातल्या. पण एकीचा इतिहास दळणवळणाच्या ग्रंथांत आहे आणि दुसरीचा कोकणातल्या घराघरांत. ही विभागणीही खडकी-दौंडसारखीच. बोलणारे एकीकडे, ऐकणारे दुसरीकडे. फक्त येथे ऐकायला कोणी नेमलेले नव्हते.

वायरलेसची कळ सामान्य माणसाच्या हाती आली तर काय होते, याचे एक उदाहरण मुंबईनेच पाहिले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल तळावर नाविकांनी काम बंद केले. 'तलवार' हे संदेशवहनाचे प्रशिक्षण देणारे केंद्र होते. बंड तेथे सुरू झाले म्हणूनच ते पसरले. बंडखोरांच्या बोटांना मोर्स येत होता आणि समोर यंत्रे होती. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजे आणि २० किनारी ठाणी, मिळून सुमारे २० हजार नाविक त्यात सामील झाले. निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्धची तक्रार साम्राज्याच्याच यंत्रणेवरून बंदराबंदरांत पोहोचली. बंड मोडले गेले. पण बोटीवरच्या साध्या नाविकालाही काही सांगायचे असते, ही गोष्ट त्या आठवड्यात लपून राहिली नाही.

यानंतर दीड वर्षही उलटले नव्हते. १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढातली अमावास्या तोंडावर आलेली, म्हणजे गटारी. मुंबईतले चाकरमानी घरी निघाले होते. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही प्रवासी बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. बोट एका देशी कंपनीची. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. परक्या कंपन्यांशी टक्कर देणारी स्वदेशी कंपनी, आणि तिच्या बोटींना संतांची नावे. 'रामदास' जेमतेम ४०० टनांची होती. मुंबईपासून दहाएक मैलांवर, काशाच्या खडकाजवळ, पावसाच्या माऱ्यात तिला मोठ्या लाटेने गाठले. लोक एका बाजूला धावले, बोट कलली आणि उलटली. वेळ साडेआठच्या आसपासची.

बोटीवर वायरलेस नव्हता.

मुंबई बंदर हे त्या वेळी आशियातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक. मुंबईला किनारी रेडिओ होता, नौदल होते, गोदीत बोटी उभ्या होत्या. दहा मैलांवर सहाशेहून अधिक माणसे बुडत होती आणि शहराला त्याची वार्ता नव्हती. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून ती मुंबईला कळली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. दरम्यान मदतीला धावले ते रेवसकडून मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघालेले कोळी. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात लोटली आणि त्या जागी माणसे ओढून घेतली. वाचलेल्यांपैकी अनेकांचा जीव त्या रिकाम्या केलेल्या जागेमुळे वाचला. एक कोवळ्या वयाचा मुलगा तरंगत तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला, ही गोष्ट अलिबाग-रेवसच्या पट्ट्यात अजून सांगितली जाते.

साडेआठ ते पाच म्हणजे साडेआठ तास. हे तास मोजताना दौंडची आठवण अपरिहार्यपणे होते. वीस वर्षांपूर्वीपासून दौंडला इंग्लंड ऐकू येत होते. मुंबईला रेवस ऐकू येत नव्हते. तंत्रज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही. विलायतेला जाणाऱ्या मोठ्या बोटींवर ते होते, नियमाने होते. गटारीला गावी जाणाऱ्या गिरणी कामगाराच्या बोटीवर नव्हते, कारण नियमात ती बोट बसत नव्हती आणि तिकिटात त्याचा खर्च बसत नव्हता. पावसाळ्यात या फेऱ्या बंद ठेवणे आणि बोटींवर वायरलेस बसवणे हे नियम या अपघातानंतर आले. स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही उरला नव्हता. ऑगस्टच्या गर्दीत 'रामदास' वर्तमानपत्रांतून लवकर मागे पडली.

पुढची काही दशके बोटीवरचा मराठी माणूस बहुतांशी नाविक म्हणून समुद्रावर होता. रत्नागिरी, रायगड, मुंबईतली हजारो घरे व्यापारी जहाजांवरच्या पगारावर चालत. त्यांच्याशी बोलायचे साधन म्हणजे 'बॉम्बे रेडिओ', व्हीडब्ल्यूबी या संकेतनामाचे किनारी केंद्र. तारघरात जाऊन निरोप द्यायचा, तो मोर्समध्ये बोटीकडे जायचा. दर शब्दांवर, लिपी रोमन. त्यामुळे मुलगा झाला, वडील गेले, घर बांधून झाले, या सगळ्या बातम्या चार-पाच इंग्रजी शब्दांत मावत. आईच्या तोंडची मराठी त्या तारेत कधी शिरली नाही.

उपग्रहाने हे बदलले, आणि त्यातही महाराष्ट्राचा वाटा आहे. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ओळखले जाते. जगातील जहाजांसाठी १९७९मध्ये 'इनमारसॅट' ही उपग्रह संस्था स्थापन झाली होती, आणि पुढे तिच्या भारतातील भूकेंद्राची जागाही आर्वीच ठरली. द्राक्षबागांच्या शेजारच्या त्या मोठ्या डिशमधून हिंदी महासागरातील जहाजांचे फोन जमिनीवर उतरू लागले. दौंडनंतर पुन्हा एकदा समुद्राचा कान समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे. १ फेब्रुवारी १९९९पासून संकटसमयीचे संदेश उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रणेवर गेले आणि मोर्सची सक्ती संपली. जहाजावरून बोलता येऊ लागले, आपल्या भाषेत, आपल्या आवाजात. मिनिटाचा दर मात्र ऐकूनच आवाज बसावा असा होता. या शतकाच्या आरंभी क्रूझवर मोबाइलची छोटी केंद्रे बसू लागली ती याच उपग्रहमार्गावर. वैरागच्या पर्यटकाच्या बिलातला आकडा त्या मार्गाचा आहे.

क्रूझवर पर्यटकाखेरीज आणखी एक वर्ग असतो. खोल्या आवरणारा, स्वयंपाकघरात राबणारा, दारावर पहारा देणारा. ३ फेब्रुवारी २०२० रोजी 'डायमंड प्रिन्सेस' ही क्रूझ जपानच्या योकोहामा बंदरात आली, तेव्हा तिच्यावर ३,७११ माणसे होती. करोनाचा संसर्ग आढळल्याने बोट जागीच विलगीकरणात ठेवली गेली. भारतीय १३८ होते. त्यांपैकी १३२ कर्मचारी आणि केवळ ६ प्रवासी. प्रवासी खोल्यांत बंद, आणि त्यांना जेवण पोहोचवणारे कर्मचारी दाटीवाटीच्या खोल्यांत एकत्र राहत होते. संसर्ग सातशेच्या वर गेला. या वेळी बोट मुकी राहिली नाही. भारतीय कर्मचाऱ्यांनी तोंडाला मास्क लावून मोबाइलवर चित्रफिती काढल्या, आपल्याला वेगळे काढा अशी विनंती सरकारला केली, आणि त्या काही तासांत घराघरांत पोहोचल्या. बोट धक्क्याला होती, जमिनीचे नेटवर्क हाताशी होते, हेही खरे. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीयांना घेऊन एअर इंडियाचे विमान दिल्लीत उतरले.

त्या महामारीत जगभर लाखो नाविक महिनोन् महिने बोटींवर अडकून पडले. त्यांपैकी सर्वांच्या बोटी धक्क्याला नव्हत्या आणि सर्वांना फोन परवडत नव्हता. त्यानंतर सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली. ती २३ डिसेंबर २०२४पासून लागू आहे. तीनुसार बोटीवर काम करणाऱ्यांना इंटरनेटसह संपर्काची सोय, व्यवहार्य असेल तेथवर, जहाजमालकाने द्यावी आणि शुल्क आकारायचे झाल्यास ते वाजवी असावे. १९१२च्या दरपत्रकात शब्दाचा भाव पेन्सपर्यंत छापलेला असे. या दुरुस्तीत 'वाजवी' म्हणजे किती, याचा आकडा दिलेला नाही.